डांबरगोळ्यांतली युद्धनौका : 'अप द क्रीक' आणि आपल्याच नौदलावर हसणारा ब्रिटन

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं, सुरू करू या.

आजचा विषय वाचून एकांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "व्याख्यानाला विनोदी सिनेमा? तो तर घरी बसून बघायचा." खरं आहे. आज ज्याबद्दल बोलायचंय तो चित्रपट घरी बसून, चहा पीत बघण्यासारखाच आहे. नाव 'अप द क्रीक'. ब्रिटिश, कृष्णधवल, १९५८ सालचा, दीड तासाच्या आत संपणारा. जगातल्या थोर चित्रपटांच्या यादीत तो सापडणार नाही आणि मीही त्याला थोर ठरवायला आलेलो नाही.

मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. ज्या देशाने दोनशे वर्षं नौदलाच्या जिवावर राज्य केलं, जिथे नौदल म्हणजे जवळजवळ देवघरातली वस्तू, तो देश १९५०च्या दशकात आपल्याच नौदलावर एकामागून एक विनोदी चित्रपट का काढतो? आणि लोक तिकीट काढून जाऊन मनमुराद का हसतात? 'अप द क्रीक' हातात धरून हे समजून घेऊ.

आधी गोष्ट सांगतो. लेफ्टनंट फेअरवेदर नावाचा एक नौदल अधिकारी आहे. फेअरवेदर म्हणजे स्वच्छ, निरभ्र हवा. नावासारखाच माणूस सरळ, उत्साही, थोडा भाबडा. त्याला एकच वेड: अग्निबाण बनवायचे. पण त्याचे प्रयोग जिथे होतात तिथे आसपासच्यांची धडगत नसते. मग वरिष्ठ काय करतात? जगातली सगळी सरकारी खाती करतात तेच. त्याला बढतीसारखी दिसणारी बदली देतात. सफोक परगण्यात, एका खाडीच्या काठच्या खेड्याजवळ, 'बार्कली' नावाची जुनी युद्धनौका नांगरून पडलेली आहे. जा, तिचा प्रमुख हो. तिथे तू कुणाचं काही बिघडवू शकणार नाहीस.

फेअरवेदर तिथे पोचतो आणि बघतो तर काय, नौकेवर बराच काळ कुणी प्रमुखच नाही. कागदपत्रांच्या घोळात ही नौका वरच्यांच्या विस्मरणात गेलेली. खालचे खलाशी मात्र आहेत, पगार चालू आहे, भांडारात माल येतोय. आणि या सगळ्यांचा कारभार एका माणसाच्या हातात आहे: बोसन डॉकर्टी.

बोसन हा शब्द जरा समजून घेऊ. जहाजावर डेकवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो तो बोसन. आपल्या किनाऱ्याला हा हुद्दा परका नाही. आपल्याकडच्या जहाजांवर त्यालाच 'सारंग' म्हणत आणि त्याच्या हाताखाली 'तांडेल'. कप्तान येतो, कप्तान जातो. सारंग तिथेच असतो. दोर कुठे आहे, रंग किती उरलाय, कोण आजारी आहे आणि कोण आजाराचं सोंग करतोय, हे सारंगाला माहीत. जहाज प्रत्यक्षात तोच चालवतो.

तर हा डॉकर्टी सारंग बार्कली चालवतो, पण जहाज म्हणून नाही, दुकान म्हणून. गावाची धुलाई नौकेवर होते. कोंबड्या आहेत, अंडी विकली जातात. नौदलाचा माल आणि नौदलाची रम गावात पोचते. गाव खूश, खलाशी खूश. आपल्याकडे म्हणतात तसं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आणि अशा वेळी हा प्रामाणिक लेफ्टनंट शिस्तीचं पुस्तक घेऊन दारात उभा.

पुढे काय होणार याचा अंदाज तुम्हाला आला असेल. एके दिवशी ॲडमिरल फोली तपासणीला येतात. मग नौका पुन्हा नौका दिसावी म्हणून जी पळापळ होते, तीच चित्रपटाची खरी मजा. ज्यांनी सरकारी कचेरीत, शाळेत किंवा बँकेत तपासणीचा आदला दिवस अनुभवलाय, त्यांना सबटायटल्सची गरज पडणार नाही. (हशा)

आता कलाकार. डॉकर्टीच्या भूमिकेत पीटर सेलर्स आहेत. 'पिंक पँथर' आणि 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' यायला अजून पाच-सहा वर्षं अवकाश आहे. तोवर ते मुख्यतः रेडिओचे, बीबीसीच्या 'गून शो'चे कलाकार म्हणून घराघरात माहीत होते. या 'गून शो'मधले त्यांचे जोडीदार आणि त्याचे प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ सालचा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. आणि बालपणाचा मोठा भाग पुण्यात गेला. खुद्द सेलर्सही युद्धकाळात हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थानात येऊन गेले होते. म्हणजे फौजेतला माणूस वरिष्ठांसमोर कसा बोलतो आणि पाठ फिरल्यावर कसा बोलतो, हे त्यांनी स्वतः ऐकलेलं होतं. डॉकर्टीच्या भूमिकेत तो कान दिसतो. साहेबांपुढे "होय सर" म्हणताना चेहरा पाटीसारखा कोरा आणि त्या कोरेपणामागे हिशेब चाललेला.

फेअरवेदर झालेत डेव्हिड टॉमलिन्सन. 'मेरी पॉपिन्स' पाहिला असेल तर त्यातले मुलांचे वडील, बँकवाले मिस्टर बँक्स, ते हेच. ॲडमिरल आहेत विल्फ्रिड हाइड-व्हाइट, 'माय फेअर लेडी'तले कर्नल पिकरिंग. आणि लेखक-दिग्दर्शक व्हॅल गेस्ट. गेस्ट यांची दोन जुनी कामं लक्षात ठेवा, कारण दोन्ही पुढे उपयोगी पडणार आहेत. १९३७च्या 'ओह, मिस्टर पोर्टर!' या गाजलेल्या विनोदी चित्रपटाच्या लेखकांपैकी ते एक. त्यात आयर्लंडमधलं एक आडबाजूचं रेल्वे स्टेशन आहे, जिथे कर्मचारी तिकिटांच्या बदल्यात खाण्यापिण्याच्या वस्तू घेतात आणि नवा स्टेशनमास्तर सुधारणा करायला येतो. ओळखीचं वाटलं ना? बीज तेच, रेल्वेऐवजी नौदल. दुसरं काम १९५५चं, 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'. तो भीतिपट, अंतराळातून परतलेल्या अग्निबाणाचा.

गोष्ट झाली, माणसं झाली. आता मूळ प्रश्नाकडे वळू आणि थोडं मागे जाऊ.

१९४२. युद्ध भर जोरात. नोएल कॉवर्ड आणि डेव्हिड लीन यांचा 'इन विच वी सर्व्ह' प्रदर्शित होतो. एका विनाशिकेची, म्हणजे डिस्ट्रॉयरची कथा. नौका बुडाली आहे, वाचलेले लोक एका तराफ्याला धरून पाण्यात तरंगतायत आणि प्रत्येकाच्या आठवणींतून नौकेचं आयुष्य उलगडतं. ही कथा लॉर्ड माउंटबॅटन यांच्या 'केली' या नौकेवर बेतलेली. ती १९४१ साली क्रीटजवळ बुडाली. हेच माउंटबॅटन पुढे आपले शेवटचे व्हाइसरॉय. तो चित्रपट बघताना लोक रडले, कारण त्यांची मुलं, नवरे, भाऊ खरोखरच समुद्रावर होते. तिथे विनोदाला जागा नव्हती.

त्या चित्रपटात दोन तरुण नट होते, जॉन मिल्स आणि रिचर्ड ॲटनबरो. हो, पुढे 'गांधी' काढणारे ॲटनबरो. त्यांची ती पहिलीच भूमिका, भीतीने जागा सोडणाऱ्या एका खलाशाची. आता चौदा वर्षं पुढे या. १९५६. हेच दोघे पुन्हा नौदलाच्या गणवेशात, चित्रपट 'द बेबी अँड द बॅटलशिप'. यात ते काय करतात? इटलीतल्या नेपल्समध्ये एक तान्हं बाळ त्यांच्या गळ्यात पडतं आणि ते बाळ युद्धनौकेवर अधिकाऱ्यांपासून लपवून ठेवावं लागतं. तोच गणवेश, तेच नट; पण आता तराफ्याच्या जागी बाळाची दुधाची बाटली.

मग रांगच लागली. १९५८ला 'अप द क्रीक' आणि त्याच वर्षी त्याचा पुढचा भाग. १९५९ला बीबीसी रेडिओवर 'द नेव्ही लार्क' सुरू झाली, ती १९७७पर्यंत चालली. तिच्यातले एक प्रमुख कलाकार जॉन पर्टवी स्वतः नौदलात होते. ते 'हूड' या नौकेवर होते आणि ती १९४१ साली बुडण्याच्या थोडं आधी त्यांची तिथून बदली झाली. 'हूड'वरचे चौदाशेहून जास्त लोक गेले, वाचले फक्त तीन. अशा माणसाने पुढे कित्येक वर्षं नौदलावर लोकांना हसवलं. म्हणून सांगतो, हे हसू परक्याचं नाही. ज्यांनी किंमत मोजली होती, त्यांचं आहे. चित्रपटगृहात बसलेल्यांचंही तेच. युद्धाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलात आठ लाखांहून जास्त माणसं होती. ती घरी परतली, नोकरीधंद्याला लागली, आणि दर शनिवारी सिनेमाला जाऊ लागली. डॉकर्टी पडद्यावर आला की त्यांना आपला बोसन आठवायचा.

एक बारीकशी गोष्ट सांगतो. ब्रिटिश नौसैनिकांच्या बोलीत, नौकेवरून गुपचूप बाहेर नेलेल्या मालाला 'रॅबिट', म्हणजे ससा म्हणत. कुणी पिशवी बगलेत मारून निघाला की दुसरा म्हणे, त्याचे कान आत खोच! कान बाहेर दिसले तर पकडला जाशील. ज्या संस्थेत चोरीसाठी एवढा लाडका शब्द असतो, तिथे डॉकर्टी कल्पनेतून काढावा लागत नाही. रमचंही तसंच. खलाशांना रोज रम मिळण्याची प्रथा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली, तोवर ती चालू होती. रम हे नौकेवरचं चलनच होतं. उपकार फेडायचे, काम करून घ्यायचं, तर आपल्या वाट्याच्या रममधून.

पण ओळखीचं हसू एवढं एकच उत्तर मला पुरेसं वाटत नाही. दुसरं कारण त्या नौकेच्या अवस्थेत आहे.

बार्कली ही राखीव ताफ्यातली नौका आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटनकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त नौका उरल्या. चालवायला माणसं नाहीत, पैसे नाहीत, आणि मोडीत काढायला मन होत नाही. मग त्या 'मॉथबॉल' केल्या. मॉथबॉल म्हणजे आपल्या डांबरगोळ्या. आजीच्या ट्रंकेतला शालू आठवा. नेसायचा नाही, टाकायचाही नाही, म्हणून डांबरगोळ्या घालून ठेवलेला. नौकांचं तेच. झडपा-दारं बंद करायची, आतली दमट हवा काढून टाकायची, तोफांवर आवरण चढवायचं, देखरेखीला मोजकी माणसं ठेवायची, आणि एखाद्या खाडीत रांगेने बांधून ठेवायचं. 'अप द क्रीक' या नावात ही खाडी आहेच. शिवाय इंग्रजी बोलीत त्याचा अर्थ होतो, अडचणीत सापडलेला, खाडीत अडकलेला माणूस, हातात वल्हंही नाही असा. १९५८ला या शीर्षकातला माणूस कोण? फेअरवेदर? मला वाटतं, ब्रिटनच.

कसं ते बघा. १९५६ला सुएझ झालं. नासर यांनी कालवा ताब्यात घेतला, ब्रिटन-फ्रान्सने हल्ला केला, अमेरिकेने डोळे वटारले आणि ब्रिटनला वर्ष संपायच्या आत माघार घ्यावी लागली. एप्रिल १९५७मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी श्वेतपत्रिका मांडली. तिचा सारांश असा: यापुढे भर अण्वस्त्रांवर आणि क्षेपणास्त्रांवर, सक्तीची लष्करी सेवा बंद करत आणायची, राखीव ताफा मोठ्या प्रमाणावर कमी करायचा. अणुयुद्धात नौदलाचं काम नेमकं काय, हे अनिश्चित आहे, असंही तिच्यात छापलं गेलं. विचार करा, ब्रिटनमध्ये, सरकारी कागदावर!

आणि पुढच्याच वर्षी हा चित्रपट. एका बाजूला विसरली गेलेली जुनी नौका, दुसऱ्या बाजूला अग्निबाणाचं वेड असलेला अधिकारी. शेवट सांगतोय, माफ करा, पण चित्रपटाला साठहून जास्त वर्षं झालीत. तपासणीच्या गोंधळात फेअरवेदरचा अग्निबाण खुद्द ॲडमिरलच्या हातून सुटतो, आणि बार्कली बुडते. जुन्या नौदलाला नव्या काळाचा अग्निबाण बुडवतो, आणि कळ दाबणारा हात ॲडमिरलचा! व्हॅल गेस्ट यांनी हे रूपक म्हणून योजलं होतं, असा माझा दावा नाही. त्यांना शेवटी मोठा धमाका हवा असेल, एवढंच. पण श्वेतपत्रिका वर्तमानपत्रात वाचून आलेल्या प्रेक्षकाला त्या धमाक्यात काय ऐकू आलं असेल, ते आपण समजू शकतो.

माझं म्हणणं मी इथे एका वाक्यात मांडतो. हा चित्रपट नौदलाला दिलेला निरोप आहे. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण असतं. गेलेल्या माणसाच्या तऱ्हेवाईक सवयींच्या गोष्टी निघतात, लोक हसतात, आणि त्यात कुणाला अनादर वाटत नाही. १९४२ला रडून झालं होतं. १९५८ला ब्रिटन त्या पंगतीला बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं त्यांचं. आपला काय संबंध? संबंध अगदी लोखंडाचा आहे. डांबरगोळ्यांतल्या त्या नौकांचं पुढे काय झालं? बऱ्याच भंगारात गेल्या, काही विकल्या गेल्या. 'अप द क्रीक'चा पुढचा भाग, 'फर्दर अप द क्रीक', त्यावरच आहे. एका काल्पनिक देशाला जुनी ब्रिटिश नौका विकलेली असते आणि बोसन तिच्यावर सहलीची तिकिटं विकतो. तिथे ग्राहक देश हा विनोदाचा भाग आहे. प्रत्यक्षात ग्राहकांमध्ये आपण होतो, आणि आपल्याला त्यात विनोद वाटत नव्हता.

युद्धकाळात 'हर्क्युलिस' नावाची एक विमानवाहू नौका ब्रिटनमध्ये बांधायला घेतली. १९४५ला ती पाण्यात उतरली, पण १९४७ला काम अर्धवट थांबलं आणि ती स्कॉटलंडमध्ये नांगरून पडली. दहा वर्षं. जानेवारी १९५७मध्ये, सँडिस यांच्या श्वेतपत्रिकेच्या तीनच महिने आधी, भारताने ती विकत घेतली. बेलफास्टमध्ये ती पूर्ण झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' म्हणून आपल्या नौदलात आली. १९७१ला बंगालच्या उपसागरात तिने काय केलं ते सांगायला नको. १९९७ला निवृत्त झाल्यावर मुंबईत तिचं संग्रहालय झालं. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर डबा खाल्ला असेल. शेवटी तीही भंगारात गेली, आणि तिचं थोडं पोलाद पुण्याच्या बजाजने मोटरसायकलीत घातलं. त्यांच्यासाठी ट्रंकेतला शालू, तो आपण नेसून मिरवला. वस्तू तीच, कुणाचा निरोप चाललाय आणि कुणाचं स्वागत, यावर हसू की अभिमान ते ठरतं.

एक उलट बाजूही बघायला हवी, नाहीतर मी हे फार गोड करून टाकीन. १८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत कुलाब्याला 'तलवार' ही नौदलाची प्रशिक्षण संस्था. तिथल्या हिंदी नौसैनिकांनी काम थांबवलं. तक्रारी कुठल्या? निकृष्ट जेवण, अधिकाऱ्याच्या शिव्या, वागणुकीतला भेदभाव. बंड बंदरातल्या नौकांवर पसरलं, कराचीला पोचलं, मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. मूळ मसाला बघितला तर विनोदी चित्रपटातलाच आहे: वाईट जेवण, खेकसणारा साहेब, वैतागलेले खलाशी. मग त्यावर 'अप द क्रीक' का होऊ शकत नाही? कारण डॉकर्टी आणि ॲडमिरल एकाच घरातले आहेत. डॉकर्टी पकडला गेला तरी आपला म्हणूनच पकडला जाईल, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. 'तलवार'वरच्या नौसैनिकाला ते नौदल कधी आपलं होऊच दिलं नव्हतं. जे आपलं, त्याचीच अशी थट्टा करता येते. घरातल्या म्हाताऱ्याची नक्कल नातवाने केली तर हसू येतं. शेजाऱ्याने केली तर भांडण होतं.

इथे थांबतो. वेळ आहे, एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, पण ही शेवटी चोरीच आहे. सरकारी माल विकणाऱ्यांवर आपण प्रेम करतो, हे बरोबर आहे का?

उत्तर : चांगला प्रश्न, आणि टाळणार नाही. कुंपणानेच शेत खाल्लं तर ते गुन्हाच. पण चित्रपटात एक सोय केलेली आहे, ती लक्षात घ्या. बार्कलीला काही काम उरलेलं नाही. कुणी युद्धावर चाललंय आणि डॉकर्टीने त्याचा दारूगोळा विकला, असं दाखवलं असतं तर आपण हसलो नसतो. काम काढून घेतलं, माणसं मात्र तिथेच ठेवली आणि त्यांना विसरून गेले, तर ती माणसं स्वतःसाठी काम शोधणारच. धुलाई, अंडी, रम. मला विचाराल तर त्या नौकेवरची पहिली चूक वरच्या कचेरीतली आहे, विसरण्याची. डॉकर्टी नंतरचा. तो निर्दोष आहे असं नाही म्हणत, पण क्रम लावताना मी असा लावीन.

प्रश्न : आजच्या मुलांना हा चित्रपट आवडेल का?

उत्तर : सुरुवातीची पंधरा मिनिटं संथ वाटतील. त्यांना सांगा, सेलर्स बोलत नसतात तेव्हा त्यांच्याकडे बघा. आणि तपासणीच्या प्रसंगात फेअरवेदरचा चेहरा बघा. नियम पाळणारा माणूस हळूहळू आपल्या खलाशांसाठी खोटं बोलायला शिकतो. प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली होती आधीच, पण माझ्या मते नौकेचा प्रमुख तो त्या क्षणी होतो. आणि थोड्याच वेळात नौका बुडते. (हशा)

चहा बाहेर आहे.